अंगठी, हात आणि दारातला उजेड

लग्नाच्या आल्बममध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. सबंध पान व्यापून टाकणारी अंगठी! कधी ती लग्नपत्रिकेवर ठेवलेली असते, कधी अक्षतांच्या राशीवर, कधी गुलाबाच्या पाकळ्यांत. खड्यातून चांदण्या फुटत असतात आणि मागचे सगळे धूसर झालेले असते. पाहणारा म्हणतो, "वा, काय क्लीअर आलाय!" आणि पान उलटतो. मला या एका फोटोविषयी लिहावयाचे आहे. ज्या वार्षिकांकात हुंडा, बेकारी, दुष्काळ यांवर लेख येतात, तिथे अंगठीच्या फोटोवर लेख कशाला, असे वर्गातल्या मैत्रिणींनी मला विचारलेच. विषय लहान आहे, हे मान्य. पण त्या फोटोविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती काही लहान नाही. त्या फोटोत हात नसतो.

मी कारेगावची. पुण्याहून नगरकडे जाताना सुमारे ५० किलोमीटरवर रांजणगावचा महागणपती लागतो, त्याच्या शेजारचे हे गाव. एके काळी बाजरी-ज्वारीचे गाव. आता औद्योगिक वसाहतीचे. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडिलांची थोडी जिरायती जमीन आणि एका कंपनीत ठेकेदाराकडचे काम, आई लोकांच्या कांद्याला आणि खुरपणीला जाते. लग्नसराईत मी शिरूरला मामांच्या फोटो स्टुडिओत मदत करते. कॉलेजची फी आणि एसटीचा पास त्यातूनच निघतो. छत्री धरणे, बॅटऱ्या सांभाळणे, नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला जाता येत नाही तिथे कॅमेरा घेऊन जाणे, ही माझी कामे. दागिन्यांचे जवळून फोटो काढण्याचे कामही त्यामुळेच माझ्याकडे आले. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते पुस्तकातून उतरवलेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अंगठी ही आपल्याकडच्या लग्नाची मूळ खूण नव्हेच. वसईच्या ख्रिस्ती मंडळींच्या लग्नात चर्चमध्ये अंगठ्यांना मान असतो. आमच्याकडे अंगठी येते ती साखरपुड्यात. लग्नाच्या खुणा म्हणजे काळ्या मण्यांची पोत आणि तिच्यातल्या दोन वाट्या, पायातली चांदीची जोडवी, हातातला हिरवा चुडा. कायद्याला तर यातले काहीच लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, सोन्याचा नाही. आणि त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लावला, तो भटजीवाचून आणि डामडौलावाचून. वधूवरांनी एकमेकांना दिलेला शब्द हीच तिथली खूण होती. शब्दाचा फोटो काढता येत नाही, म्हणून आपण वस्तूचा काढतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग अंगठीला आल्बमचे सबंध पान कुणी दिले? माझ्या मते जाहिरातींनी. हिऱ्याच्या अंगठीवाचून प्रेम सिद्ध होत नाही, ही समजूत विसाव्या शतकात अमेरिकेत डी बिअर्स या कंपनीच्या जाहिरातींनी घट्ट केली. तिचे जगभर गाजलेले घोषवाक्य १९४७ मध्ये लिहिले गेले. तिकडून ती सिनेमात आली, सिनेमातून आमच्या मंगल कार्यालयात. जाहिरातीतल्या अंगठीत हात नको असतो, कारण ती अजून विकायची असते आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या बोटात कल्पिता आली पाहिजे. सोनाराच्या कपाटातली अंगठी कुणाचीच नसते. लग्नातली अंगठी मात्र कुणाची तरी झालेली असते. तरीही तिचा फोटो आपण कपाटातल्यासारखाच काढतो!

लग्नाच्या अंगठीचा जगातला सर्वांत प्रसिद्ध फोटो कोणता, असे मला कुणी विचारले तर मी २२ डिसेंबर १८९५ चा सांगेन. त्या दिवशी जर्मनीत प्राध्यापक रोंटगेन यांनी आपल्या पत्नीचा, बर्थाबाईंचा, हात नव्या सापडलेल्या क्ष-किरणांखाली ठेवला. हाताची हाडे दिसली आणि एका हाडाभोवती अंगठीचा काळा ठिपूस गोळा. त्या फोटोत खडा चमकत नाही, नक्षी दिसत नाही. पण अंगठी बोटातच आहे. म्हणून तर शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो फोटो पाहणारा पान उलटायला विसरतो. अर्थात रोज कुणाच्या हाडापर्यंत जायचे कारण नाही. कातडीपर्यंत गेले तरी पुरे, आणि त्यासाठी दारातला उजेड पुरतो.

आता या उजेडाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

सोन्याची अंगठी म्हणजे वाकवलेला आरसा. तिला स्वतःचा असा चेहरा थोडाच. समोर जे असेल ते ती दाखवते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश जवळून मारला की तिच्यात फक्त फ्लॅश दिसतो, म्हणजे एक पांढरा जळका ठिपका, आणि बाकी सगळे काळे. शिवाय इतक्या जवळ कॅमेरा नेला की भिंगाच्या नळीची सावलीच अंगठीवर पडते. मंडपातले रंगीत दिवे लावावेत तर सोने कधी हिरवे, कधी जांभळे. याउलट दारातून किंवा खिडकीतून येणारा उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो. तो अंगठीवर एका रुंद पट्ट्यासारखा सरकतो, पट्ट्याच्या कडा हळूहळू मावळतात, आणि त्या मावळण्यातच गोलाई दिसते. आपण उंबऱ्याजवळ बसलो तर उजेड मऊ. खोलीत मागे मागे सरकत गेलो तर तेच दार अंगठीच्या दृष्टीने लहान होत जाते आणि सावल्या कडक होऊ लागतात. म्हणून उंबऱ्यापासून हातभर आत, पण उन्हाच्या तिरिपेत नाही, ही मी ठरवलेली जागा. ऊन सरळ आत येत असेल तर दारावर जुने पांढरे धोतर टांगावे. धोतराइतका चांगला पडदा मला शहरातल्या दुकानातही मिळाला नाही.

अंगठीची जी बाजू दाराच्या विरुद्ध असते ती काळवंडते. तिथे वहीचे कोरे पान उभे धरले की पुरे. ताटाचा उपयोग करू नये. स्टीलचे ताट उजेड फेकते खरे, पण तो टोचतो. कडा स्पष्ट हवी असेल तर काळ्या कापडाची पट्टी बाजूला धरावी. खोलीतला ट्यूबलाइट आधी बंद करावा, नाहीतर दोन उजेडांचे दोन रंग एकाच बोटावर येतात. आणि फोटो काढणाऱ्याने भडक कपडे घालू नयेत; माझी लाल ओढणी एका नवरदेवाच्या अंगठीत इतकी ठळक आली होती की मामा म्हणाले, "अगं, हे माणिक कुठून आलं?"

कॅमेरा इतका जवळ गेला की फोटोतला स्पष्ट भाग फार पातळ होतो. खडा धरावा तर कडे निसटते, कडे धरावे तर बोट. यासाठी भिंगाचे तोंड बारीक करतात, एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत. मग उजेड कमी पडतो, पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि हात हलून चालत नाही. तिकाटणे नसेल तर विटांवर पुस्तके रचून त्यावर कॅमेरा ठेवावा, मॉडेलचा हात उशीवर टेकवावा. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही निराश होऊ नये. मोबाइल अगदी नाकाशी नेऊ नये, थोडा मागे धरून दुपटीने मोठे करावे. पडद्यावर बोट दाबून ठेवावे म्हणजे नेम पक्का होतो, आणि उजेड जरा कमी करावा म्हणजे सोने पांढरे फटक पडत नाही. वैशाखाच्या दुपारी बाहेर असला फोटो काढणे व्यर्थ. गोरज मुहूर्ताला फोटोग्राफर लोक शिव्या देतात, पण सूर्य मावळल्यावरची ती वीस मिनिटे सगळे आभाळच खिडकी झालेले असते. तेवढ्यात कुणी नवरीचा हात माझ्या हवाली केला तर मला दुसरे काही नको.

उजेडाचे हे शहाणपण काही कॅमेऱ्याबरोबर आलेले नाही. आमच्या रांजणगावच्या देवळाची रचनाच अशी की दक्षिणायनात सूर्याचे किरण मूर्तीवर यावेत, असे सांगतात. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत दिवसागणिक चढत जातात. किरणोत्सव म्हणून लोक ते पाहायला गर्दी करतात. दार कुठे ठेवले की उजेड कुठे पोचेल, हे ज्यांनी ओळखले होते त्यांची आपण लेकरे. आणि आपण मंगल कार्यालयाचे पडदे ओढून फ्लॅश मारतो!

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. ती फोटो मोठा करून पाहताना दिसली. आमच्या घरात, दारातल्या उजेडात काढलेल्या एका अंगठीच्या पाठीवर एक लहानसा उजळ चौकोन होता. तो म्हणजे आमचे दार. चौकट, उंबरा, बाहेरच्या कडुनिंबाचा हिरवट डाग, सगळे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत वाकून बसलेले! फ्लॅशने काढलेल्या सगळ्या अंगठ्या जगात सारख्याच दिसतात. घरातल्या उजेडात काढलेल्या अंगठीत ते घर असते. नैसर्गिक उजेडाचा माझा आग्रह सौंदर्यापेक्षा या कारणासाठी जास्त आहे.

आता हाताकडे येते. औद्योगिक वसाहतीमुळे कारेगावात मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली मंडळी भाड्याच्या खोल्यांत राहतात. पत्र्याच्या या खोल्यांना पुष्कळदा खिडकी नसते; दार हीच खिडकी. यातल्या कित्येक जोडप्यांच्या अंगठ्या दिवसभर डब्यात असतात, कारण यंत्रावर काम करताना अंगठी, बांगड्या घालता येत नाहीत. अंगठी अडकली तर बोट जाते, तेव्हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे असे होते की सुट्टीच्या दिवशी घातलेली अंगठी आणि बोटावरचा तिचा फिकट वळ यांची जागा जुळत नाही. शेतात राबणाऱ्या बायकांचे उलटे. त्यांच्या बोटांची पेरे इतकी जाडावलेली असतात की साखरपुड्यातली अंगठी पुन्हा निघतच नाही. बाजूने येणारा दाराचा उजेड हे सगळे दाखवतो. पेराची गाठ, कांदा कापून पडलेली चीर, नखाखालची माती, अंगठीच्या खालच्या बाजूला विळ्याच्या मुठीने पडलेल्या रेघा. सोने मऊ असते, ते सगळे लक्षात ठेवते.

आणि आम्ही काय करतो? हात वगळून अंगठी पाकळ्यांवर ठेवतो. हात घ्यावाच लागला तर संगणकावर तो गुळगुळीत करतो. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. ते दाबले की कातडी साबणाच्या वडीसारखी होते आणि चार छटा गोरीही होते. हे बटण कुणाला विचारून दाबत नाहीत. सरसकट दाबतात. शे-दोनशे आल्बम पाहा, सगळ्यांत एकाच बाईचे हात! ती बाई कारेगावची नाही, शिरूरची नाही, मी तिला कधी एसटीत पाहिलेली नाही.

याच्या विरुद्ध बाजूने मला दोन उत्तरे मिळाली आहेत, आणि ती इथे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले मामांचे. ते म्हणतात, "गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं. खरं बघायला त्याच्या घरी आरसा हाय. आपण धंदा करतो, तुझ्या कॉलेजासारखी चर्चा न्हाय." त्यांना आल्बमचे पैसे हप्त्याने मिळतात, कॅमेऱ्याचे हप्ते मात्र वेळेवर द्यावे लागतात, हे मी जाणते. दुसरे उत्तर एका नवरीचे. ती कंपनीत जोडणीच्या कामावर होती, बोटांच्या टोकांवर बारीक चिरा होत्या. मी तिला म्हटले, "ताई, हात असाच घेऊ का? छान दिसतोय." ती हसली आणि म्हणाली, "रोज हाच हात बघते की गं. एक दिवस तरी दुसरा दिसू दे."

तिचे खोडून काढावे असे माझ्याजवळ काही नाही. श्रमाचे सौंदर्य म्हणून आपण कविता वाचतो, परीक्षेत त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहितो. पण ज्याचा हात चिरलेला असतो त्याला ते सौंदर्य वाटले पाहिजे अशी सक्ती करणारे आपण कोण? समाजशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला तेव्हा सरांनी 'गरिबीचे प्रदर्शन' असा शब्द वापरला होता. तो मला लागला, आणि तो योग्यही आहे. म्हणून माझे म्हणणे मी जरा आवरते घेते. हात कसा दिसावा हे जिचा हात तिने ठरवावे. तिने "गुळगुळीत कर" म्हटले तर करावे. पण तिने म्हणायच्या आधीच, तिला न विचारता, हात पुसून टाकणे हा निर्णय बटण दाबणाऱ्याचा का असावा? त्या नवरीला मी विचारले म्हणून तिला सांगता तरी आले. आता मामा दोन्ही फोटो ठेवतात, एक बटणाचा, एक बिनबटणाचा. लग्नाच्या गडबडीत लोक पहिला निवडतात. दुसरा संगणकात पडून राहतो. वर्षा-दोन वर्षांनी त्यातला एखादा कुणी मागायला आला तर काय होते, ते पाहायची मला उत्सुकता आहे. अजून तरी कुणी आलेले नाही.

खऱ्या उजेडाचा एक धोका याहून मोठा आहे. माझ्या आईच्या गळ्यातली सोन्याची पोत मोडली त्याला काही वर्षे झाली. एका वर्षी पाऊस नव्हता, दुसऱ्या वर्षी बोअर आटली, एवढे सांगितले की पुढचे आपल्यातल्या बहुतेकांना कळेल. आता तिच्या गळ्यात असते ते बाजारात 'एक ग्रॅम सोन्याचे' म्हणून मिळते ते. फ्लॅशमध्ये ते आणि बावीस कॅरटचे यांत फरक कळत नाही. दाराच्या उजेडात, जवळून, मात्र सगळे कळते. कडीपाशी मुलामा उडालेला, आतले तांबूस डोकावणारे, वाटीच्या कडेला हिरवी झाक. मी कॅमेरा लावला आणि थांबले. वाटले, हा उजेड आईची लाज काढील. आईच म्हणाली, "काढ की. सोनं न्हाय म्हणून काय झालं, गळ्यात तर हाय." मग काढला. तो फोटो मी कुणाला दाखवू नये असे तिने सांगितलेले नाही, आणि दाखवावा असेही नाही. म्हणून तो या अंकासोबत दिलेला नाही.

जाता जाता जवळून काढलेल्या फोटोचा एक रोकडा उपयोगही सांगते. ज्यांच्या घरी खरे सोने आहे त्यांनी अंगठीच्या आतल्या बाजूचा फोटो अवश्य काढून ठेवावा. बावीस कॅरटवर ९१६ असा आकडा असतो, मानक ब्युरोचे चिन्ह असते आणि सहा अक्षर-अंकांचा एक संकेत असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांना हा संकेत सक्तीचा झाला आहे. प्रत्येक दागिन्याचा संकेत वेगळा. गहाण टाकताना, सोडवून आणताना, किंवा देव न करो चोरी झाली तर, हा फोटो कामाला येतो. डोळ्यांना न दिसणारी ती अक्षरे तिरप्या उजेडात छान उठतात. फोटो मात्र घरातच ठेवावा, चारचौघांत पाठवू नये.

आता ज्या खुणेचा फोटो कुठल्याच आल्बममध्ये नसतो तिच्याविषयी. माझ्या आजीच्या पायांत जोडवी नाहीत. आजोबा वारले तेव्हा मी पाच वर्षांची होते. बायका जमल्या, बांगड्या फुटल्या, पोत तुटली, जोडवी निघाली. मला आठवतो तो फक्त आवाज. जोडवी आजीने मोडीत घातली नाहीत. रेशनकार्ड, जमिनीचा उतारा आणि एक विझलेला सेल यांच्याबरोबर ती तिच्या ट्रंकेतल्या पिशवीत होती. गेल्या दिवाळीत मी मागितली. चांदी काळी पडलेली. मी घासायला घेतली तर म्हणाली, "राहू दे." दारात बसून पाहिले तेव्हा कळले की दोन्ही जोडवी वरून जाड आणि खालून पानासारखी पातळ झालेली आहेत. जमिनीशी घासून घासून! इतक्या वर्षांचे चालणे, विहीर, शेत, आळंदीची वारी, सगळे त्या खालच्या बाजूला. सोनाराकडे वजन केले असते तर त्याने घट धरली असती. आजीच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला अजून खाच आहे. मी म्हटले, "आजी, पायात घाल ना, फोटोपुरती." ती म्हणाली, "पायात नगं. हातावर ठेवते." आणि तिने तळहात पुढे केला.

मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे कळवले. मी तो ठराव आजीला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला. मी विचारले, "मग आता घालशील?" ती म्हणाली, "पाय सुजत्यात आता." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण फोटोची प्रत तिने मागून घेतली, आणि ती त्याच पिशवीत गेली.

माझा मुद्दा इथे पुरता उघडा होतो. ज्या दिवशी दागिना नवा असतो त्या दिवशी त्याच्यावर पाच दिवे रोखलेले असतात, आणि ज्या दिवशी त्याच्यात सगळा जन्म उमटलेला असतो त्या दिवशी कॅमेरा नसतो. नव्या अंगठीचा फोटो काढू नये असे मी म्हणत नाही. मामांचा आणि माझा त्यावर संसार चालतो. पण तो हातासकट काढावा, घरातल्या उजेडात काढावा, हाताला विचारून काढावा. आणि वापरून झिजलेल्या खुणेचाही काढावा, मग ती सोन्याची असो, पितळेची असो, की उतरवून पिशवीत ठेवलेली असो.

प्राध्यापक मंडळींकडे आणि कला मंडळाकडे माझी एक सूचना आहे. आपल्या स्नेहसंमेलनातल्या छायाचित्र प्रदर्शनात दरवर्षी सूर्यास्त, किल्ले आणि पावसातली छत्री असते. पुढच्या वर्षी एक भिंत रिकामी ठेवा. ज्याला वाटेल त्याने घरातल्या एका माणसाच्या लग्नाच्या खुणेचा एक फोटो आणावा, त्या माणसाची परवानगी घेऊन, घरातल्या उजेडात काढलेला. नाव लिहू नये. खाली फक्त तो हात काय काम करतो ते लिहावे. पुरुषांच्या अंगठ्याही चालतील. माझ्या वडिलांची अंगठी गेली असली तरी वळ आहे. ज्यांची घरे दूर आहेत आणि जे खोल्या घेऊन राहतात, त्यांनी आई-वडील भेटायला आले की ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात यावे. भर उन्हाळा सोडला तर तिथे थेट ऊन येत नाही, सकाळी दहापासून चारपर्यंत उजेड सारखा राहतो. बाक आहेच. कोरी वही आणि पांढरे धोतर मी घेऊन येईन.